लेन्सचा फोकस नेमका कुठे पडतो? घरच्या घरी करायची तपासणी

'ही लेन्स सॉफ्ट आहे' हा निकाल बहुतेकदा एकाच फोटोवरून लागतो. डोळ्यावर फोकस केला, धारदार आला तो कान, आणि खापर फुटलं लेन्सच्या माथी. पण त्या एका फोटोत हात हललेला असू शकतो, समोरची व्यक्ती बोलता बोलता दोन सेंटिमीटर पुढे झुकलेली असू शकते, किंवा कॅमेऱ्याने डोळ्याऐवजी चष्म्याची काडी पकडलेली असू शकते. यात लेन्सचा काहीच संबंध नाही. तपासणी करायची तर एका फोटोवर भागत नाही. एकाच जागेवरून, एकाच उजेडात, दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा लावत घेतलेली मालिका हवी. आणि तिच्या शेजारी ठेवायला 'ही लेन्स जास्तीत जास्त काय देऊ शकते' हे दाखवणारा एक संदर्भ फोटो हवा.

मालिका आणि संदर्भ शेजारी ठेवले की तीनपैकी एक चित्र दिसतं. मालिकेतले सगळे फोटो एकाच बाजूला, साधारण सारखेच चुकलेले असतील तर तो कल आहे, आणि तो कॅमेऱ्याच्या मेन्यूतून दुरुस्त होतो. काही पुढे, काही मागे, काही बरोबर असा विस्कळीतपणा असेल तर कुठलाही आकडा फिरवून उपयोग नाही. संदर्भ फोटोच भुसभुशीत असेल तर ऑटोफोकसचा दोषच नाही, काच किंवा तिची बसवणी तपासायला हवी. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि लोक नेमके इथेच घोळ घालतात.

चूक येते कुठून

डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, फोकस मोजणारा सेन्सर वेगळा आणि फोटो टिपणारा वेगळा. मुख्य आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून पलीकडे गेलेला प्रकाश मागच्या छोट्या आरशावर पडून खाली वळतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या ऑटोफोकस सेन्सरवर पोहोचतो. शटर दाबलं की दोन्ही आरसे बाजूला होतात आणि प्रकाश सरळ मागे जातो. या दोन वाटांची लांबी तंतोतंत सारखी असेल तरच एकीकडे मोजलेलं दुसरीकडे लागू पडतं. छोट्या आरशाच्या कोनात किंवा सेन्सरच्या बसवणीत केसभर फरक पडला की फोकस ठरल्या जागी न पडता कॅमेऱ्याच्या बाजूला पडतो, तो फ्रंट फोकस. पलीकडे पडला तर बॅक फोकस. त्यात लेन्सची स्वतःची थोडी भर असते. बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) आणि लेन्स दोन्ही आपापल्या परीने मर्यादेत असूनही दोघांच्या चुका एकाच दिशेने गेल्या तर बेरीज डोळ्यात भरते. म्हणून एका बॉडीवर उत्तम चालणारी लेन्स दुसऱ्या बॉडीवर रुसलेली दिसते.

मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, मोजणी थेट मुख्य सेन्सरवरच होते, त्यामुळे हा ठरावीक कल जवळजवळ उरत नाही. तरीही मिररलेसवाल्यांनी तपासणी करावी. ॲपर्चर (लेन्समधलं लहानमोठं होणारं प्रकाशाचं छिद्र) बदलल्यावर सरकणारा फोकस, एका बाजूने कललेली काच आणि भलत्याच वस्तूवर बसणारा ऑटोफोकस यांतून कुणाचीच सुटका नाही. डीएसएलआरलाही लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर थेट चित्र दाखवणाऱ्या प्रकारात, टाकलं की तो मुख्य सेन्सरवरूनच फोकस करतो. आपला संदर्भ फोटो त्यातूनच मिळणार आहे.

लक्ष्य तयार करताना

सगळ्यात सर्रास होणारी गफलत म्हणजे टेबलावर पट्टी तिरकी ठेवून तिच्याच एका आकड्यावर फोकस करणं. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा चौकोन आणि फोकस सेन्सरची खरी नजर यांचा आकार एकच नसतो. खरी नजर बहुधा चौकोनापेक्षा मोठी असते. तिरक्या पट्टीवर तिला १४ चा आकडाही दिसतो आणि १७ चाही, आणि ज्याचा ठसठशीतपणा जास्त तो ती पकडते. तुम्ही १५ वर नेम धरलात हे कॅमेऱ्याला कळायचा मार्ग नाही. निकाल 'फ्रंट फोकस' असा लागतो आणि धडधाकट लेन्स बिचारी दुरुस्तीला जाते.

म्हणून फोकसचं लक्ष्य सपाट आणि कॅमेऱ्याला समांतर हवं, आणि मोजपट्टी त्याच्या शेजारी, वेगळी. एक पुठ्ठ्याचं खोकं घ्या. त्याच्या सपाट बाजूवर पांढरा कागद चिकटवा आणि त्यावर काळ्या शाईच्या जाड पट्ट्या काढा किंवा छापा, काही उभ्या, काही आडव्या. दोन्ही दिशा हव्यात, कारण काही फोकस बिंदू फक्त उभ्या रेषा ओळखतात, काही फक्त आडव्या. याच कागदावर कोपऱ्यात छापील वर्तमानपत्राचा एक तुकडाही लावा. बारीक अक्षरं पुढे धार तपासायला कामी येतात.

खोक्याला चिकटून ३० सेंटिमीटरची पट्टी ४५ अंशांत तिरकी उभी करा, वरचं टोक कॅमेऱ्यापासून लांब. कोन जुळवायला कंपासपेटीतला ४५ अंशांचा गुण्या पुरतो. पट्टीवरची १५ ची रेघ खोक्याच्या दर्शनी बाजूच्या बरोबर रेषेत आली पाहिजे. हे बाजूने, डोळा खोक्याच्या कडेला लावून पाहा. इथे दोन मिलिमीटर चुकलात तर पुढचं सगळं मोजमाप तेवढंच चुकणार. स्टीलची पट्टी टाळा, ती चकाकते. मळकट प्लॅस्टिकची किंवा कागदावर छापून पुठ्ठ्यावर डकवलेली उत्तम. या कोनात पट्टीवरचा १ सेंटिमीटर म्हणजे खोलीतला साधारण ७ मिलिमीटर, हे लक्षात ठेवा.

अंतर आणि मांडणी

फोकल लेंग्थच्या (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्याच्या) ५० पट अंतर ही जुनी, बरी शिफारस आहे. म्हणजे ३५ मिमीसाठी १.७५ मीटर, ५० मिमीसाठी अडीच मीटर, ८५ साठी सव्वाचार, २०० साठी १० मीटर. या नियमाची एक गंमत आहे: अंतर फोकल लेंग्थच्या ठरावीक पटीत ठेवलं की त्याच ॲपर्चरला कुठल्याही लेन्सची डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढेमागे जेवढ्या खोलीपर्यंत चित्र धारदार दिसतं तेवढा पट्टा, जवळपास सारखीच येते. फुल फ्रेमवर (३६ × २४ मिमीच्या सेन्सरवर) एफ/१.८ ला, ५० पट अंतरावर, सेन्सरवर ०.०३ मिमीपर्यंत पसरलेला ठिपका धारदार मानायचा हा नेहमीचा निकष धरला तर ती सुमारे २७ सेंटिमीटर भरते. त्यातले जवळपास १३ पुढे आणि १४ मागे. 'एक तृतीयांश पुढे, दोन तृतीयांश मागे' हा पाठ केलेला नियम इतक्या जवळ लागू पडत नाही.

२७ सेंटिमीटर ऐकून दचकू नका. तो निकष मध्यम आकाराच्या प्रिंटसाठी आहे. पडद्यावर १०० टक्क्यांनी पाहताना २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा असतो, म्हणजे त्या निकषाच्या पाचव्या हिश्शाचा. तेवढी कडक नजर लावली तर धारदार पट्टा ५ सेंटिमीटरच्या आसपास उरतो. तरी ३० सेंटिमीटरच्या पट्टीवर तो ऐसपैस पसरतो आणि मधोमध कुठे आहे हे ठरवताना डोळे दमतात. म्हणून पट्टी वाचायची मालिका २५ पट अंतरावर घ्यावी असं माझं मत आहे. अंतर निम्मं झालं की डेप्थ चौथ्या हिश्श्यावर येते: २७ च्या जागी पावणेसात सेंटिमीटर, आणि कडक नजरेचा पट्टा जेमतेम दीड. त्यातून कल सापडला की ५० पटीवर आणि मग तुम्ही नेहमी ज्या अंतरावरून फोटो काढता तिथे पडताळा घ्या. लेन्स किमान फोकस अंतराला टेकत असेल तर मात्र जरा मागे सरका. त्या टोकावर बऱ्याच लेन्सची तब्येत वेगळीच असते.

कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्सचा मध्य लक्ष्याच्या मध्याच्या उंचीवर. समांतरपणा नुसत्या नजरेने जुळत नाही, त्याला आरशाची युक्ती आहे. खोक्याच्या दर्शनी बाजूवर लक्ष्याच्या मध्यावर एक छोटा सपाट आरसा टेकवून धरा आणि कॅमेऱ्यातून पाहा. आरशात तुमच्याच लेन्सचं तोंड दिसेल. ते फ्रेमच्या बरोबर मध्यभागी येईपर्यंत खोकं वळवा, कॅमेरा वरखाली करा. ते मध्यभागी आलं की काम झालं. आरसा काढा आणि आता कशालाही धक्का लावू नका. ही मिनिटभराची कसरत टाळणारे पुढे कोपऱ्यांच्या तपासणीत तासभर डोकं धरून बसतात.

उजेड भरपूर आणि पसरट हवा. खिडकीतून येणारा, थेट ऊन नसलेला दिवसाचा प्रकाश सगळ्यात चांगला. पिवळ्या दिव्याखाली काही डीएसएलआरचा फोकस दिवसाच्या तुलनेत थोडा वेगळ्या जागी पडतो, कारण लेन्स प्रत्येक रंग किंचित वेगळ्या अंतरावर जुळवते आणि फोकस सेन्सरला दिव्यातल्या लाल-पिवळ्या भागाचं वजन जास्त मिळतं. तुमचे बहुतेक फोटो अशाच दिव्यांखालचे असतील तर एक मालिका त्या उजेडातही घ्या, पण दोन उजेडांतले फोटो एकत्र मिसळू नका. एलईडी दिवे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा लुकलुकतात. त्यांच्याखाली वेगवान शटर वापरलं तर फोटोत पट्टे येतात.

लांब फोकल लेंग्थसाठी खोली पुरत नाही म्हणून खिडकीतून बाहेरच्या वस्तूवर फोकस करणं हा मोह आवरा. आतली आणि बाहेरची हवा वेगळ्या तापमानाची असली की ती खिडकीत मिसळते आणि चित्र थरथरतं. बंद काचेतून तर विचारूच नका. टेलिफोटो लेन्स बाहेरच न्यावी, सकाळी, जमीन तापायच्या आधी.

मालिका कशी घ्यायची

ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा, एफ/१.८ ची लेन्स असेल तर एफ/१.८. बंद ॲपर्चरला डेप्थ वाढते आणि चूक तिच्यात लपते. आयएसओ कमीत कमी. स्टॅबिलायझेशन बंद. समोरचा फिल्टर काढून ठेवा, विशेषतः टेलिफोटोवरचा. ऑटोफोकस एकदाच लागून थांबणाऱ्या प्रकारावर ठेवा आणि फक्त मधला बिंदू निवडा. शटर रिमोटने किंवा दोन सेकंदांच्या टायमरने. डीएसएलआरला आरसा आधी वर घेण्याची सोय असेल तर ती वापरा, मिररलेसला पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवा. रॉ (सेन्सरची प्रक्रिया न केलेली फाइल) आणि जेपेग दोन्ही घ्या.

आधी संदर्भ. लाइव्ह व्ह्यू सुरू करा, लक्ष्यावर १० पट मोठं करून पाहा आणि हाताने फोकस लावा. शार्प होतंय असं वाटल्यावर तिथेच थांबू नका. पलीकडे जाऊन पुन्हा भुसभुशीत होऊ द्या, मग परत या. दोन्ही बाजूंचा भुसभुशीतपणा पाहिला की मधली जागा सापडते. असे तीन फोटो घ्या, दर वेळी फोकस नव्याने लावून.

मग खरी मालिका. लाइव्ह व्ह्यू बंद, डोळा व्ह्यूफाइंडरला. फोकस रिंग अनंताकडे फिरवा, ऑटोफोकस लावा, फोटो घ्या. पुन्हा अनंताकडे, पुन्हा फोटो. असे पाच. मग पाच फोटो सुरुवात किमान अंतराकडून करून. दर वेळी रिंग फिरवून फोकस बिघडवल्याशिवाय घेतलेले दहा फोटो ही दहा मोजमापं होत नाहीत. आधीचा फोकस पुरेसा बरोबर आहे असं कॅमेऱ्याला वाटलं तर तो मोटर हलवतच नाही आणि तुम्ही एकाच मोजमापाच्या दहा प्रती गोळा करता. दिशा बदलण्यालाही अर्थ आहे. कॅमेरा नेमक्या बिंदूवर थांबत नाही, स्वीकारार्ह पट्ट्यात शिरला की थांबतो. अनंताकडून आलेला फोकस त्यामुळे किंचित मागे आणि जवळून आलेला किंचित पुढे थबकण्याची शक्यता असते. दोन गटांत एवढा फरक दिसला तर तो स्वभाव समजा, बिघाड नव्हे.

झूम लेन्स असेल तर हे सगळं दोन्ही टोकांना करावं लागतं. टेलिकन्व्हर्टर (फोकल लेंग्थ वाढवणारा, लेन्स आणि बॉडीमध्ये बसणारा जोड) लावून वापरणार असाल तर ती जोडी वेगळी लेन्स धरून पुन्हा एकदा.

फोटो वाचताना

फोटो १०० टक्के आकारात पाहा. २०० टक्क्यांवर नेलं की सगळ्याच लेन्स वाईट दिसतात. रॉ प्रक्रियेतलं शार्पनिंग सगळ्या फोटोंना सारखंच ठेवा.

पट्टीवर 'सगळ्यात धारदार आकडा कुठला' हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर मूड बदलला की बदलतं. दोन्ही बाजूंना आकडे सारखेच वाचेनासे कुठे होतात ते शोधा आणि त्यांचा मध्य काढा. समजा संदर्भ फोटोत खालच्या बाजूला १३ च्या आणि वरच्या बाजूला १७ च्या रेघा सारख्याच विरतात. मध्य १५, म्हणजे मांडणी ठीक आहे. ऑटोफोकसच्या फोटोत त्याच जागा १० आणि १४ वर आल्या, तर मध्य १२. पट्टीवरचे ३ सेंटिमीटर म्हणजे खोलीत सुमारे २.१ सेंटिमीटर फ्रंट फोकस. दहाही फोटोंत मध्य ११.५ ते १२.५ च्या दरम्यान राहिला तर तो पक्का कल. आणि मध्य कधी १२, कधी १६, कधी १४ असा उड्या मारत असेल, तर मेन्यू उघडण्याआधी उजेड वाढवून, लक्ष्य आणखी ठसठशीत करून मालिका पुन्हा घ्या. तरीही उड्या थांबल्या नाहीत तर लेन्सची मोटर, तिचे विद्युत संपर्क किंवा कॅमेऱ्याचा फोकस विभाग यांतलं काहीतरी आहे. लेन्सच्या माउंटवरचे सोनेरी संपर्क सुक्या, स्वच्छ, मऊ कापडाने पुसून पाहायला हरकत नाही.

रंगही बोलतात. मोठ्या ॲपर्चरच्या बहुतेक लेन्समध्ये फोकसच्या पुढच्या काळ्या-पांढऱ्या कडांना जांभळट झाक येते आणि मागच्या कडांना हिरवट. लक्ष्यावरची अक्षरं हिरवी दिसत असतील तर ती फोकसच्या मागे आहेत, म्हणजे फोकस पुढे पडला आहे. हा इशारा जुन्या फोटोंतही शोधता येतो. पोर्ट्रेटमधल्या पापण्यांच्या कडा पाहा.

आणखी एक आडवाटेची युक्ती आहे. सपाट लक्ष्याचे, एकाच एक्स्पोजरचे जेपेग असतील तर त्यांच्या फाइलचा आकार पाहा. बारीक तपशील जितका जास्त तितकी जेपेग कमी दाबली जाते, म्हणून जास्त धारदार फोटोची फाइल सहसा मोठी. फोल्डर आकारानुसार लावला की मालिकेतले कच्चे गडी आपोआप खाली जातात. मोजमाप म्हणून हे चालणार नाही, पण डोळे थकल्यावर दुसरं मत म्हणून झकास.

कॅमेऱ्यातली दुरुस्ती

अनेक मध्यम आणि वरच्या दर्जाच्या डीएसएलआरमध्ये मेन्यूतला आकडा बदलून फोकस पुढेमागे सरकवण्याची सोय असते. कॅनन तिला मायक्रोॲडजस्टमेंट म्हणतं, निकॉन फाइन-ट्यून. दोन्हींत उणे २० ते अधिक २० असे टप्पे, पेंटॅक्समध्ये उणे १० ते अधिक १०. कॅनन आणि निकॉनमध्ये अधिक आकडा फोकस कॅमेऱ्यापासून लांब ढकलतो आणि उणे आकडा जवळ ओढतो. म्हणजे फ्रंट फोकसवर उतारा अधिकचा.

एकेक टप्पा चाचपत बसू नका. उणे १०, शून्य, अधिक १० अशा तीन छोट्या मालिका घ्या. फोकस कुठल्या दोन आकड्यांच्या मध्ये पडतो ते दिसेल, मग तेवढ्याच पट्ट्यात ५ च्या आणि शेवटी २-३ च्या पावलांनी चला. त्याहून बारीक कातण्यात अर्थ नाही. दोन फोटोंमधला नैसर्गिक फरकच त्याहून मोठा असतो.

पट्टी न वाचताही आकडा काढता येतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस अचूक लावा, मग लेन्सला हात न लावता ऑटोफोकस बंद करा आणि व्ह्यूफाइंडरमधून पाहत शटर अर्धं दाबा. फोकस लागल्याची खूण स्थिर पेटते की लुकलुकते ते बघा. आता मेन्यूतला आकडा बदलत जा. खूण स्थिर पेटलेली राहते तो आकड्यांचा पल्ला सापडला की त्याचा मध्य हाच तुमचा आकडा. फोटो न काढता, अर्ध्या तासात काम होतं. मी तरी शेवटचा पडताळा फोटोनेच घेतो. निकॉनच्या डी५ आणि डी५०० पासून, म्हणजे २०१६ पासून, हीच तुलना कॅमेरा स्वतःही करून देतो, पण त्याचा पहिलाच आकडा प्रमाण मानू नका. चारपाच वेळा करवून घ्या आणि मधला घ्या.

हे आकडे बॉडीत साठतात, लेन्समध्ये नाही. बॉडी बदलली की सगळं पहिल्यापासून. निकॉनच्या बहुतेक डीएसएलआर एका प्रकारच्या लेन्ससाठी एकच आकडा ठेवतात, एकाच मॉडेलच्या दोन लेन्स बाळगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. कॅननच्या ५डी मार्क ३ सारख्या बॉडींमध्ये झूमच्या दोन टोकांना वेगवेगळे आकडे देता येतात. निकॉनच्या बहुतेक डीएसएलआरवर झूमला एकच आकडा मिळतो, तिथे तुम्ही जास्त वापरता ते टोक सांभाळा. सिग्माचा यूएसबी डॉक आणि टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल ही लेन्स संगणकाला जोडणारी उपकरणं मात्र दुरुस्ती लेन्समध्येच लिहितात आणि तीही वेगवेगळ्या अंतरांसाठी. जवळ एक आणि लांब भलतंच अशी तक्रार असेल तर तोच खरा इलाज, बॉडीतला एकुलता आकडा दोन्हीकडे पुरत नाही.

ॲपर्चर बदललं की सरकणारा फोकस

एफ/१.४ किंवा एफ/१.२ च्या लेन्समध्ये हा प्रकार हमखास तपासा. काचेच्या कडेवरून येणारे किरण आणि मध्यातून येणारे किरण नेमके एका बिंदूत जुळत नाहीत. ॲपर्चर बंद करत गेलं की कडेचे किरण गळतात आणि सर्वोत्तम फोकसची जागा हलते, बहुधा मागे. डीएसएलआर फोकस उघड्या ॲपर्चरला लावतो आणि फोटो बंद ॲपर्चरला घेतो, त्यामुळे एफ/१.४ ला बरोबर आणि एफ/२.८ ला चुकीचा, असं कोडं पडतं.

तपासणी सोपी आहे. लाइव्ह व्ह्यूमध्ये उघड्या ॲपर्चरला हाताने फोकस लावा आणि त्याला न छेडता एफ/१.४, २, २.८, ४, ५.६ असे फोटो घ्या. पट्टीवर धारदार पट्टा रुंद होत जाईलच. तो दोन्हीकडे सारखा रुंदावतो की मागेच पसरतो ते पाहा. मागे पसरताना १५ ची रेघ पट्ट्याच्या पुढच्या काठावर आली किंवा बाहेर पडली तर सरकणं त्रासदायक आहे. यावर मेन्यूतला आकडा हा तोडगा नाही, तो एका ॲपर्चरला सुधारून दुसऱ्याला बिघडवेल. लाइव्ह व्ह्यूमध्ये, फोटो घ्यायच्या ॲपर्चरलाच फोकस लावणं हा खात्रीचा मार्ग.

कोपरे आणि कललेली काच

मध्य छान आणि उजवा वरचा कोपरा मात्र माखल्यासारखा, अशी तक्रार असेल तर आतली एखादी काच मध्यापासून सरकलेली किंवा कललेली असू शकते. सपाट भिंतीवर वर्तमानपत्राची पानं चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी लावा, आरशाच्या युक्तीने समांतरपणा साधा आणि उघड्या ॲपर्चरला फोटो घ्या. मग प्रत्येक कोपऱ्यावर लाइव्ह व्ह्यूने वेगळा फोकस लावून आणखी चार. चारही कोपरे आपापल्या फोटोत चांगले आले, पण मध्यावर फोकस असताना सगळेच सारखे मऊ होते, तर तो प्रतिमेच्या पृष्ठभागाचा बाक आहे. रचनेचाच भाग, दोष नाही. एकच कोपरा स्वतःवर फोकस लावूनही सुधारत नसेल तर संशय पक्का होतो.

भिंत तिरकी की लेन्स, हे ठरवायला कॅमेरा उलटा करा, तळ वर. मऊ कोपरा भिंतीवरच्या त्याच पानाशी राहिला तर मांडणी चुकली आहे. तो कॅमेऱ्याबरोबर फिरून पलीकडच्या पानावर गेला तर लेन्स दोषी. पानं लावायला भिंत नसेल तर ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाला सुईने भोक पाडा, मागे टॉर्च धरा, खोली अंधारी करा आणि तो ठिपका मुद्दाम फोकसबाहेर ठेवून फ्रेमच्या मध्यावर व कोपऱ्यांत टिपा. मध्यावर तबकडी गोल आणि समतोल दिसली पाहिजे. कोपऱ्यांत ती डोळ्याच्या आकाराची होते, ते चालतं, पण समोरासमोरचे कोपरे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब वाटायला हवेत.

अनंताचा फोकस लवकर उरकता येतो. रात्री दूरच्या दिव्यावर किंवा ताऱ्यावर १० पट मोठं करून हाताने फोकस लावा आणि ऑटोफोकसशी ताडून पाहा. रिंग अनंताच्या खुणेच्याही पुढे जाते म्हणून घाबरू नका. तापमानाने भाग प्रसरण पावतात, त्यासाठी ती मोकळीक ठेवलेली असते.

सर्व्हिस सेंटरला देताना

सगळ्याच लेन्स एकाच दिशेने चुकत असतील तर बॉडी द्या. एकच चुकत असेल तर ती लेन्स, आणि शक्य असल्यास सोबत बॉडीही, म्हणजे ते दोन्ही जुळवून पाहू शकतात. दुरुस्तीचा आकडा १५ च्या पुढे जात असेल, फोकस विस्कळीत असेल किंवा कोपरा कललेला असेल तर घरचा इलाज संपला. देण्याआधी बॉडीतला दुरुस्तीचा आकडा शून्यावर आणा, नाहीतर त्यांच्या मोजमापात तुमची दुरुस्ती मिसळते. सोबत एक संदर्भ फोटो आणि मालिकेतले तीनचार फोटो मूळ फाइलसकट द्या आणि कागदावर अंतर, ॲपर्चर आणि चूक किती सेंटिमीटर, कुठल्या बाजूला, एवढं लिहा. 'फोटो शार्प येत नाहीत' एवढ्यावर लेन्स बहुधा 'तपासली, ठीक आहे' अशा शेऱ्यासह परत येते. लेन्स हातात आली की खोकं आणि पट्टी पुन्हा मांडून तीच मालिका त्याच अंतरावरून घ्या, आणि वॉरंटीची मुदत चालू असतानाच घ्या.